काळ्या पट्ट्यांचं म्हातारपण

'वस्तू तीच राहते म्हणजे काय' या प्रश्नावर गेल्या काही व्याख्यानांत आपण बोलतो आहोत. आज उदाहरणाला मोटार घेऊ. जुन्या, वेगवान मोटारी आणि त्यांच्यावरचं काळं प्लॅस्टिक. विषय क्षुल्लक वाटेल, पण थोडा धीर धरा.

प्यूजो २०५ जीटीआय ही फ्रेंच गाडी १९८४ मध्ये आली. आधी १.६ लिटरचं इंजिन, १९८६ पासून १.९ लिटरचंही. वजन ९०० किलोच्या आसपास, त्यामुळे लहान चणीची ही गाडी वळणांवर भल्याभल्यांना मागे टाकायची. तिच्याच नावाच्या, पण आतून पार वेगळ्या असलेल्या २०५ टर्बो १६ ने १९८५ आणि १९८६ अशी दोन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवलं, त्याचं वलयही हिला लाभलं. आता साधी २०५ आणि जीटीआय यांतला फरक लांबून कसा ओळखायचा? चाकांवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कमानी, बंपर आणि दारांच्या काळ्या पट्ट्यांमधून जाणारी लाल रेघ, आणि मागच्या बाजूच्या काचेमागे 'जीटीआय' लिहिलेला काळा भाग. म्हणजे डोळ्यांपुरतं बोलायचं तर गाडीची ओळख त्या प्लॅस्टिकमध्येच आहे, बरं का. पत्रा पुन्हा रंगवता येतो, इंजिन उतरवून बांधता येतं. पण या कमानी आज करड्या, पांढुरक्या झाल्यात, कोपऱ्यांत तडकल्यात.

प्लॅस्टिक म्हातारं का होतं? आपल्या गच्चीवरची खुर्ची आठवा. तीन-चार उन्हाळे काढले की हाताला पांढरी भुकटी लागते, आणि एक दिवस कुणीतरी बसतं नि पाय मोडतो, खुर्चीचा. गाड्यांत खूप वापरलं जाणारं पॉलिप्रॉपिलीन घ्या. त्याचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्यात एक सोडून एक कार्बनवरचा हायड्रोजन जरा सैल बसलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे तिथे घाव पडतो, हवेतला ऑक्सिजन त्या जागी घुसतो, आणि एका ठिकाणची मोडतोड शेजारच्या साखळीला लागते. लांब साखळ्यांचे तुकडे होतात. लवचीकपणा होता तो या लांबीमुळेच, तो गेला की पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक भेगा पडतात.

इथे एक गंमत आहे. कमान पांढुरकी दिसते तेव्हा काळा रंग उडालेलाच असतो असं नाही. काळेपणा येतो काजळीच्या बारीक पुडीमुळे, आणि ही काजळी उन्हाला फार दाद देत नाही. उलट ती किरणं शोषून प्लॅस्टिकला वाचवते, म्हणून तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बहुधा काळ्या असतात. पांढुरकेपणा मुख्यतः त्या भेगांचा. काच अखंड असते तेव्हा पारदर्शक, कुटली की पांढरी. प्रकाश हजार दिशांना विखुरतो, एवढंच. शिवाय प्लॅस्टिकमध्ये भर म्हणून घातलेली शंखजिऱ्याची पूड उघडी पडते, तीही पांढरी.

हे कळलं की निम्म्या उपायांचं रहस्य उलगडतं. सुकी शहाबादी फरशी ओली केली की गडद दिसते, तसंच सिलिकॉनचं तेल भेगांत भरलं की कमान पुन्हा काळी. चार पाऊस झाले की तेल गेलं, कमान पुन्हा करडी. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, हा मुलामा आहे. दुसरा उपाय हीट गनचा. इंग्लंडमध्ये २०५ बाळगणारे तो सर्रास करतात. गरम हवेने वरचा थर क्षणभर वितळतो, भेगा मिटतात, काळा रंग जादूसारखा परत येतो. पण तुटलेल्या साखळ्या काही सांधल्या जात नाहीत, त्यामुळे काही महिन्यांत जैसे थे. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, म्हणजे हात जरा रेंगाळला की कमान वाकते, पोत गुळगुळीत होतो, शेजारचा रंग भाजतो. आमच्या मते हा उपाय एकदा करण्याचा आहे, दरवर्षी करण्याचा नव्हे.

रंग द्यावा का? द्यावा, पण आधी प्लॅस्टिकची जात ओळखावी. भागाच्या मागे बरेचदा पीपी, एबीएस, पीव्हीसी अशी अक्षरं कोरलेली असतात. जुन्या भागांवर नसतातही. अक्षरं नसतील तर तुटका तुकडा पाण्यात टाकून पाहा. निव्वळ पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं. मात्र शंखजिरं भरपूर घातलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकतं, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. जात कळणं महत्त्वाचं अशासाठी की पॉलिप्रॉपिलीनला काहीही चिकटत नाही. खास प्लॅस्टिक प्रायमर न लावता रंग मारला तर तो सालीसारखा निघतो. आणि आधी कुणी सिलिकॉन चोळलं असेल तर तो शाप वेगळाच! रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. एबीएसचं दुखणं निराळं. त्याला चिवटपणा देणारा आतला रबराचा अंश आधी कुजतो, मग भाग पिवळट आणि ठिसूळ होतो. पीव्हीसीच्या काचेभोवतीच्या पट्ट्यांत मऊपणासाठी घातलेला पदार्थ हळूहळू बाहेर निघून जातो. पट्टी आकसते, आखडते, कोपऱ्यात फट पडते.

या फटीपाशी थांबायला हवं. इथे प्रश्न शोभेचा राहत नाही. फटीतून पाणी आत जातं, पट्टीखाली साठतं, आणि काचेच्या चौकटीचा पत्रा आतून गंजतो. बाहेरून काही दिसत नाही. करडी कमान दहा वर्षं तशीच राहिली तरी गाडीचं काही बिघडत नाही, पण आकसलेली पट्टी दोन पावसाळ्यांत महागात पडते. खिशात पैसे मोजकेच असतील तर आधी पट्टी बदला. लोक नेमकं उलट करतात, कारण कमान दिसते.

बदलायची तर आणायची कुठून? सोपी वाट भंगारातल्या गाडीची. पण त्या गाडीनेही तितकंच ऊन खाल्लेलं असतं. त्यातल्या त्यात शेडमध्ये राहिलेली गाडी मिळाली तर उत्तम. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कल्याणला प्यूजो ३०९ बनत असे, आणि तिची दारं पाच दारांच्या २०५ चीच होती. हे ऐकून कुणी उत्साहाने कल्याण-डोंबिवलीची गॅरेजं धुंडाळू नये. जीटीआय तीन दारांची होती, दारं जमायची नाहीत.

दुसरी वाट खुद्द कंपनीची. प्लॅस्टिकचा भाग ओतायला पोलादी साचा लागतो. तो फार महाग, आणि गाडी बंद झाली की सांभाळायला कुणी उत्सुक नसतं. तरी अलीकडे वारं बदललंय. निस्सानने २०१७ मध्ये आर३२ स्कायलाइन जीटी-आरसाठी जुने भाग पुन्हा बनवायला घेतले, पुढे आर३३ आणि आर३४ साठीही. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रासाठी तेच जाहीर केलं. अमेरिकेत २५ वर्षं जुनी परदेशी गाडी आयात करता येते, त्यामुळे २०१४ पासून आर३२ ला तिथे मागणी वाढली, हेही विसरू नये. प्रेम आहेच, पण बाजारही आहे. पोर्शेने तर २०१८ मध्ये दुर्मीळ भाग थ्रीडी प्रिंट करत असल्याचं सांगितलं. घरच्या प्रिंटरवर हा प्रयोग करणाऱ्या तरुणांना एक सूचना: पीएलए वापरू नका, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हातली काळी कमान तिथवर सहज पोचते. एएसए घ्या, ते एबीएसचंच भावंड, पण ऊन सोसणारं.

तिसरी वाट नकलेची. इथे साचा बहुधा जुन्या भागावरूनच घेतात, म्हणून नक्कल किंचित लहान निघते, भोकं जुळत नाहीत, पोत फसवा असतो. कमान विकत घेताना फोटोवर जाऊ नका. जाडी किती, मागच्या खुंट्या कशा आहेत, ते विचारा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सचे लोक बदलत गेले, ही गोष्ट प्लुटार्कने सांगितली. आपल्याकडे मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. आणि दाखवून देतो की 'रथ' हे सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. नागसेनाचं ऐकलं तर नवी कमान बसवली तरी काही हरवत नाही. आम्हाला ते बरंचसं पटतं. पण सतराव्या शतकात हॉब्सने एक खोच काढली: काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं तर? बाजारात ही खोच रोज घडते. जुन्या भागांचा संच वेगळा विकला जातो, दुसऱ्याच गाडीवर चढतो, आणि ती गाडी 'अस्सल' म्हणून चढ्या भावाने जाते. साध्या २०५ ला कमानी लावून जीटीआय म्हणून खपवणं तर त्याहून सोपं. म्हणून गाडी घेताना प्लॅस्टिक पाहून नव्हे, चासी नंबर पाहून ओळख पटवावी. भाग बदलले असतील तर विकताना तसं लिहून द्यावं. नक्कल वाईट नाही, लपवलेली नक्कल वाईट.

आणि काढलेली कमान फेकू नका. तडकलेली का असेना, मूळ मापं आणि मूळ पोत तिच्यातच आहे. उद्या कुणाला साचा करायचा झाला तर तोच पुरावा. कागदात गुंडाळा, वर्ष आणि बाजू लिहा, अंधारात आडवी ठेवा. फक्त काढताना थंडीच्या सकाळी काढू नका, क्लिपा पटापट तुटतात. गाडी तासभर उन्हात उभी करा, मग हात घाला.

चला, आता प्रश्न घेऊ.