ओटू सेन्सर : धुरात बसून मिश्रण सांभाळणारा

इंजिनातला तापलेला वायू ज्या नळीतून सायलेन्सरकडे जातो, त्या नळीत स्पार्क प्लगसारखा दिसणारा एक भाग आटे पिळून बसवलेला असतो. त्याला बहुधा चार तारा असतात. गॅरेजात त्याला 'ओटू सेन्सर' म्हणतात, पुस्तकांत लॅम्ब्डा सेन्सर. पेट्रोल गाड्यांचा धूर स्वच्छ करण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याचं नाव गाडीमालकांना बिल हातात पडल्यावरच कळतं याचं मला वाईट वाटतं.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, म्हणजे मिश्रण 'रिच' झालं, की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. हवा थोडी जास्त झाली, म्हणजे मिश्रण 'लीन' झालं, की नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. कार्ब्युरेटर असताना मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकत स्क्रू फिरवून हे प्रमाण बसवत. त्या कसबाबद्दल मला आदर आहे. पण घाट लागला, थंडी पडली किंवा एअर फिल्टर चोंदला, तरी स्क्रू जिथल्या तिथेच राहतो.

तिन्ही विषं एकदम निकामी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंवर चालतो. मात्र मिश्रण त्या नेमक्या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच तो तिन्ही कामं नीट करतो. इतकी अचूकता स्क्रूने साधणं अशक्य होतं. कॅलिफोर्नियाचे कडक नियम समोर होते. १९७६ मध्ये व्होल्वोने तिथल्या गाड्यांत बॉशचा सेन्सर बसवला आणि धूर मोजून इंधन ठरवायची पद्धत सुरू झाली.

सेन्सरच्या पोटात झिर्कोनियाची, म्हणजे एका सिरॅमिकची, टोपी असते. आत बाहेरची हवा, बाहेर धूर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की ऑक्सिजनचे आयन तिच्यातून सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकाप्रमाणे वीज तयार होते. रिच मिश्रणाला सुमारे ०.९ व्होल्ट, 'लीन' मिश्रणाला ०.१. नेमक्या प्रमाणापाशी हा आकडा जवळजवळ एका झेपेत बदलतो. ते पाहून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ किंचित घटवतो, मग वाढवतो, आणि मिश्रण सतत दोन्ही बाजूंना झुलत राहतं. याच जातीचं सिरॅमिक रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या दिव्यात वापरलं होतं, आणि सेन्सरच्या व्होल्टेजचं समीकरणही त्याच्याच नावाचं आहे. हे मला फार आवडतं.

सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, पेट्रोल कळत नाही. इथेच दुरुस्तीत घोळ होतो. एका सिलिंडरचा प्लग मिस करू लागला की न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो. सेन्सर सांगतो 'लीन', ईसीयू पेट्रोल वाढवतो, मायलेज घसरतं आणि ठपका येतो सेन्सरवर. मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असली तरी तेच. म्हणून सेन्सर बदलण्याआधी प्लग, कॉइल आणि गळती पाहावी. नवा सेन्सर घालून जुनं दुखणं राहिलेल्या गाड्या पुष्कळ असतात.

शिसं कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही मारतं. म्हणून १९९५ मध्ये आपल्या चार महानगरांत कन्व्हर्टरच्या गाड्या आल्या त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आलं. २००० साली ते देशभर झालं. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला आणि हा सेन्सर स्कूटरपर्यंत पोचला.

बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टरच्या नंतरही एक सेन्सर असतो. त्याचं व्होल्टेज स्थिर असेल तर कन्व्हर्टर जिवंत. पहिल्या सेन्सरसारखं झुलू लागलं तर तो मेला. काही जण कन्व्हर्टर कापून काढतात आणि या दुसऱ्या सेन्सरला फसवणारा तुकडा लावतात. हे मला अक्षम्य वाटतं. अशा गाडीतून नायट्रोजनची ऑक्साइडं थेट रस्त्यावर येतात, आणि पीयूसीच्या तपासणीत ती मोजलीच जात नाहीत. ती मोजली गेली पाहिजेत.