युद्धविषयक वादांतील इतिहासाचे दाखले

१. राजसभेंत युद्धाचा प्रश्न निघाला म्हणजे पूर्वीं घडलेल्या गोष्टींचे दाखले देण्याची चाल फार जुनी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वांत तिचें स्वरूप स्पष्ट दिसतें. श्रीकृष्ण शिष्टाईसाठीं कौरवसभेंत आले असतां परशुरामांनीं दंभोद्भव राजाचें, कण्वांनीं मातलि व गरुड यांचें आणि नारदांनीं गालव व ययाति यांचें आख्यान दुर्योधनास सांगितलें. तिन्हींचा रोख एकच. दर्प व हट्ट सोडून संधि करावा. त्याच पर्वांत पुढें कुंतीनें श्रीकृष्णांबरोबर पुत्रांना जो निरोप धाडला, त्यांत विदुलेचा इतिहास आहे. सिंधुराजाकडून पराभव पावून निजून राहिलेल्या पुत्राला ही माता पुन्हां रणास उभा करते. म्हणजे एकाच पर्वांत पुरातन इतिहास संधीसाठींहि पुढें केला आहे आणि युद्धासाठींहि. तेव्हां दाखला सांपडला एवढ्यानें निर्णय योग्य ठरत नाहीं. दाखला कसा पारखावा, हा प्रश्न उरतोच. त्याचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

२. या कामीं आपलें न्यायशास्त्र उपयोगी पडतें. त्यांत प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन असे अनुमानवाक्याचे पांच अवयव सांगितले आहेत. पर्वतावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. तेथें धूर आहे, हा हेतु. धूर असतो तेथें अग्नि असतो, जसा स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. या पर्वतावरहि तसाच धूर आहे, हा उपनय. स्वयंपाकघर व पर्वत यांत साम्य फारच थोडें. परंतु जें आहे तें हेतूला धरून आहे, म्हणून उदाहरण चालतें. याच शास्त्रांत असदुत्तरांचे, म्हणजे जातींचे, चोवीस प्रकार गणिले असून साधर्म्यसम व वैधर्म्यसम हे त्यांतील पहिले दोन होत. त्यांच्या विवेचनापासून घ्यावयाचा बोध असा कीं, हेतूशीं असंबद्ध अशा साम्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं, आणि हेतूशीं असंबद्ध अशा भेदानें कांहीं खोडलेंहि जात नाहीं.

३. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युद्धाच्या बाजूनें सर्वांत अधिक पुढें आलेला दाखला म्हणजे म्यूनिकचा. सप्टेंबर १९३८ मध्यें ब्रिटनचे चेंबरलेन व फ्रान्सचे दलादिए यांनीं चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत हिटलरला देऊं केला. मार्च १९३९ मध्यें हिटलरनें प्राग घेतलें. यावरून, आक्रमकास आरंभींच न रोखल्यास पुढें मोठें युद्ध करावें लागतें, असा धडा काढण्यांत आला. गंमत अशी कीं, म्यूनिकचा करार करणारांच्या डोळ्यांपुढेंहि एक दाखलाच होता. १९१४ प्रमाणें सारा युरोप पुन्हां युद्धांत ओढला जाईल, ही धास्ती त्यांच्या मनांत होती. हाच १९१४ चा दाखला ऑक्टोबर १९६२ मध्यें क्यूबाच्या पेंचप्रसंगीं अध्यक्ष केनेडी यांच्या मनांत होता व तेथें तो संयमास उपकारक झाला. दाखला एकच, एके ठिकाणीं त्यानें फसविलें, दुसऱ्या ठिकाणीं तारलें.

४. २६ जुलै १९५६ रोजीं नासर यांनीं सुएझ कालव्याच्या कंपनीचें राष्ट्रीयीकरण केलें, तेव्हां ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांना त्यांच्यांत मुसोलिनीचें रूप दिसूं लागलें. विरोधी पक्षाचे नेते गेटस्केल यांनींहि २ ऑगस्ट रोजीं पार्लमेंटांत मुसोलिनी व हिटलर यांचीच आठवण दिली. पण नोव्हेंबरांत ईडन यांनीं सैन्य धाडलें, तेव्हां गेटस्केल यांनीं त्यास कडाडून विरोध केला. उदाहरण दोघांचें एक, निगमन मात्र परस्परविरुद्ध. मधला उपनय दोघांनीं निरनिराळा मानला होता, हें यावरून कळून येतें.

५. उपनयाची परीक्षा कागदोपत्रीं पहावयाची असल्यास १९६५ च्या जून-जुलैमधील वॉशिंग्टनचीं टिपणें वाचावींत. व्हिएतनाममध्यें अमेरिकेनें मोठें सैन्य घालावें कीं नाहीं, हा वाद चालूं होता. परराष्ट्रखात्यांतील उपमंत्री जॉर्ज बॉल यांनीं फ्रेंचांचा दाखला पुढें केला. १९५४ च्या मे महिन्यांत डिएन बिएन फू येथें फ्रेंचांचा निर्णायक पराभव झाला होता. बॉल यांचा हेतु असा कीं, परदेशी सैन्य, अनोळखी मुलूख, खेड्यांत मिसळून गेलेला शत्रु व सायगांवचें दुबळें सरकार या स्थितींत कितीहि फौज धाडली तरी जयाची हमी देतां येत नाहीं. राष्ट्रीय सुरक्षेचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनीं ३० जून रोजीं या तुलनेचीच परीक्षा करणारें टिपण लिहिलें. फ्रान्स वसाहतवादी होता, त्याचें राजकारण अस्थिर होतें, तेथील जनता युद्धाला विटली होती; अमेरिकेचें तसें नाहीं, असे भेद त्यांनीं दाखविले. भेद बहुतांशीं खरे होते. परंतु मुलूख, शत्रु व सायगांवचें सरकार यांविषयींच्या हेतूला त्यांतील कितीसे स्पर्श करीत होते? माझ्या मतें फारच थोडे.

६. याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. २१ जुलैच्या बैठकींत लॉज यांनीं म्यूनिकच्या वेळच्या आळसाशीं तुलना केली. २८ जुलै रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं सैन्य ७५,००० वरून १,२५,००० करण्याचें जाहीर केलें व त्याच भाषणांत म्यूनिकचा धडा सांगितला. उत्तरेकडून माणसें व शस्त्रें येत होतीं, हें खरें. तथापि हनोई म्हणजे १९३८ चा बर्लिन कसा, या प्रश्नाला फ्रेंच दाखल्याइतकी कसोटी लावलेली दिसत नाहीं. नावडत्या उदाहरणाची झडती झाली; आवडतें उदाहरण तसेंच आंत गेलें. पुढें ३० एप्रिल १९७५ रोजीं सायगांव पडलें. ५८,००० हून अधिक अमेरिकन मेले. व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या अनेक पट होती. परिणामावरून बॉल यांचें अनुमान निर्दोष होतें असें मी म्हणत नाहीं. पारख एकतर्फी झाली, एवढेंच माझें म्हणणें आहे.

७. आमच्या संग्राहक मित्रांना यांतून एक सूचना करावीशी वाटते. युद्धविषयक कागदांत जेथें जेथें पूर्वीच्या प्रसंगाचा दाखला येईल, तेथें तो कागद निर्णयापूर्वींचा कीं नंतरचा, हें प्रथम पहावें. कोरियाच्या युद्धाचा निर्णय १९५० चा. त्या वेळीं मांचुरिया, इथिओपिया व ऑस्ट्रिया आठवले, असें ट्रूमन यांनीं लिहिलें तें मात्र मागाहून आत्मचरित्रांत. बॉल व बंडी यांचीं टिपणें निर्णयापूर्वींचीं आहेत, म्हणून त्यांचें मोल निराळें. पानिपताविषयींहि हाच विवेक ठेवावा लागतो. १४ जानेवारी १७६१ पूर्वींचें पत्र आणि पराभव ठाऊक असतां लिहिलेली बखर यांस एका तराजूंत घालतां येत नाहीं. 'पानिपत झालें' हा शब्दप्रयोग आज आपण सहज करतों. पण त्या पराभवाचा धडा कोणी 'इतक्या दूर जाऊं नये' असा काढतो, कोणी 'सूरजमल जाटास दुखवूं नये' असा. धडा ऐकतांच हेतु विचारावा.

८. मीं पुष्कळ वर्षें वर्गांत पंचावयव शिकविले, आणि दर वर्षीं तोच धूर व तोच पर्वत फळ्यावर काढला. मुलें पाठ म्हणत व उत्तीर्ण होत. त्यांतील कांहीं पुढें सैन्यांतहि गेलीं. त्यांना धाडावें कीं नाहीं हें ठरविणारांपुढें कोणी इतिहासाचें उदाहरण ठेवील, तेव्हां उपनय विचारणारा एक तरी माणूस त्या सभेंत असावा, असें आतां वाटतें. हें शिकवितांना १९६५ चीं तीं टिपणें जवळ असतीं, तर धुराऐवजीं तींच वाचून दाखविलीं असतीं.