ऐंशी रुपयांच्या फेऱ्या

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी उडदाचं पीठ घेऊन बसल्या. गाठीला होते ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. त्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार झाली. भुलेश्वरचा एक ओळखीचा व्यापारी ती विकणार होता.

लिज्जत पापडाची ही जन्मकथा तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेलच. ती सांगणारे बहुतेक जण चार पाकिटांवरून एकदम कोट्यवधींच्या उलाढालीवर उडी घेतात आणि मधली सगळी वर्षं हवेत राहतात. मला भुरळ पडली आहे ती या मधल्या वर्षांची. ८० रुपयांत धंदा सुरू करता येतो हे ठीक, पण तो टिकतो कसा? पहिल्या महिन्यात ते पैसे संपले का नाहीत?

एका आकड्यापासून सुरुवात करू. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. आता भागाकार करा: ६,१९६ भागिले ८०. उत्तर येतं सत्याहत्तरच्या थोडं वर. म्हणजे मूळ रकमेच्या सत्याहत्तर पट माल एका वर्षात विकला गेला! आणि त्या वर्षातले चार महिने काम चक्क बंद होतं. का, ते पुढे येईलच. उरलेल्या आठ महिन्यांत सत्याहत्तर फेऱ्या म्हणजे साधारण दर तीन दिवसांनी एक फेरी. सोमवारी पैसे पिठात गेले की गुरुवारी पुन्हा हातात! अर्थात, मिळकतीतून हळूहळू भांडवलही वाढत गेलं असणार, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण वेग तर बघा.

रहाटाचं गाडगं किती लहान असतं! त्यात तांब्या-दोन तांब्यांपेक्षा जास्त पाणी मावत नाही. पण ते दिवसभर वर-खाली फिरत राहिलं तर अख्खा मळा भिजतो. खेळत्या भांडवलाचं असंच असतं. रक्कम किती, याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो ती किती वेळा फिरते हा. थोड्या पैशांत सुरू झालेले कितीतरी धंदे बुडतात, कारण त्यांचा पैसा कुठेतरी अडकून बसतो: गाळ्याच्या अनामत रकमेत, यंत्रात, न खपलेल्या मालात, नाहीतर गिऱ्हाइकाच्या उधारीत.

आता पापडाकडे या नजरेनं बघा. गाळा नको, गच्ची पुरे. यंत्र नको, पोळपाट-लाटणं प्रत्येकीच्या घरात आहेच. आणि सगळ्यात थक्क करणारी गोष्ट: सरपणही नको! चकली विकायची तर कढईभर तेल तापवावं लागतं, बिस्किटं विकायची तर भट्टी पेटवावी लागते. पापड विकला जातो तो कच्चा. भाजण्या-तळण्याचं काम गिऱ्हाईक आपल्या घरी, आपल्या शेगडीवर करतं, आणि तेही हौसेनं. शिवाय माल नासत नाही. आज खपला नाही तर उद्या खपेल, पुढच्या महिन्यात खपेल. ८० रुपये घेऊन उतरायचं तर याहून शहाणा पदार्थ शोधून सापडणार नाही.

तो नासत का नाही? उडदाच्या पिठात मीठ, मिरी, हिंग आणि पापडखार घालून, अगदी कमी पाण्यात ते घट्ट भिजवतात. मग कुटून-तिंबून मऊ करतात, लांब वळकटी करतात आणि दोऱ्यानं कापून लाट्या पाडतात. (या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्या नाहीत असं बालपण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.) उडदाला एक विलक्षण चिकटपणा असतो. इडलीच्या पिठातले बुडबुडे धरून ठेवतो तोच हा चिकटपणा. त्याच्या जोरावर लाटी कागदासारखी पातळ लाटली तरी फाटत नाही. इतकी पातळ चकती भराभर वाळते. वाळल्यावर तिच्यात वजनाच्या १४-१५ टक्के एवढाच ओलावा राहतो, आणि बुरशीला जगायला तेवढ्यानं भागत नाही. त्यात मीठ आणि खार तिच्या वाटेत उभेच.

पण तो उरलेला ओलावा काढून टाकायचा नाही बरं! पापडाचा सगळा जीव त्यातच आहे. विस्तवावर धरल्याबरोबर त्या पाण्याची क्षणात वाफ होते. बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती पापडाला आतून फोड आणते, आणि पुढच्याच क्षणी ते फोड तसेच कडक होतात. तुम्ही ऐकता तो कुरकुर आवाज या वाफेनं मागे ठेवलेल्या पोकळ्या फुटण्याचा. ओलावा जास्त राहिला तर बुरशी, फार कमी राहिला तर हात लावताच तुकडे. या दोन टोकांमधल्या अरुंद पट्ट्यात पापड आणून ठेवायचा, हे पापड करणाऱ्या बाईचं कसब. आर्द्रता मोजायचं यंत्र हाती न घेता, नुसत्या बोटांनी.

आणि नेमका इथेच पहिला तडाखा बसला. मार्चमध्ये काम सुरू झालं तेव्हा वाळवणाचे दिवस होते, ऊन भरपूर होतं. जून आला आणि मुंबईचा पाऊस कोसळू लागला. पापड वाळेनात. चार महिने काम ठप्प! धंदा उभा राहतो न राहतो तोच वर्षाचा एक तृतीयांश भाग पाण्यात. पुढच्या वर्षीही पाऊस येणार, त्याच्या पुढच्याही.

मग त्यांनी काय केलं? एक खाट विकत घेतली आणि एक स्टो. खाटेवर पापड पसरले, खाटेखाली स्टो पेटवला. संपला प्रश्न.

हे वाचून हसू येतं ना, इतकं सोपं? पण त्या खाटेखाली काय घडतं ते बघा. मुंबईच्या जुलैतली हवा बाष्पानं इतकी भरलेली असते की पापडातलं पाणी ओढून घ्यायला तिच्यात जागाच नसते. पण हवा तापली की तिची बाष्प पेलायची ताकद झपाट्यानं वाढते. २८ अंशांवर सापेक्ष आर्द्रता ८८ टक्के असलेली हवा दहा अंशांनी तापवा, तीच आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. बाष्पाचा एक कणही कमी झालेला नाही, तरी पापडाच्या दृष्टीनं पावसाळा संपला! शिवाय तापलेली हवा आपोआप वर जाते, म्हणजे पंख्याचीही गरज नाही. ज्या तत्त्वावर कारखान्यांतली मोठाली वाळवणयंत्रं चालतात, ते त्यांनी एका खोलीत, घरातल्या दोन वस्तूंनी साधलं. मला या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत सुंदर वस्तू वाटते, ती खाट.

पैशाच्या बाबतीतही एक वळण सुरुवातीलाच आलं. त्या दोन प्रतींचे पापड करत: एक चांगला, एक हलका, स्वस्तात विकायला. छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सल्ला दिला की एकच प्रत करा, उत्तम करा, तिच्यात कधीही तडजोड करू नका, आणि हिशेब चोख ठेवा. हातात एवढे थोडे पैसे असताना स्वस्त माल बंद करणं सोपं नसतं. पण दुकानदाराच्या बाजूनं विचार करा. पाकीट न उघडता ज्याच्यावर भरवसा ठेवता येतो, तो माल तो आधी मागवतो. फेरीचा वेग तिथून येतो. तुटलेले पापड त्या बायका विकत नसत, शेजाऱ्यांना वाटून टाकत. आणि आणखी एक निश्चय त्यांनी पहिल्यापासून केला होता: तोटा झाला तरी देणगीसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही.

तीन महिन्यांत सातांच्या पंचवीस जणी झाल्या. दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे. तिसरं वर्ष संपताना तीनशेच्या वर. आता तीनशे बायका गच्चीवर बसणार कशा?

कुणीही व्यापारी इथे कर्ज काढून शेड बांधायला घेईल. बहुतेक छोट्या धंद्यांचा घात याच वळणावर होतो, कारण वाढीच्या आनंदात खेळतं भांडवल भिंतींत चिणलं जातं. या बायकांनी उलटं केलं. पीठ एका जागी भिजवायचं, तिंबायचं, आणि मळलेला गोळा प्रत्येकीनं घरी न्यायचा. पापड लाटून, वाळवून परत आणायचे. इथे वजन, इथे पाकिटबंदी. म्हणजे तीनशे घरांतल्या तीनशे ओट्यांचा मिळून एक कारखाना झाला, आणि त्याला एका पैशाचं भाडं नाही!

यातली हुशारी नीट उलगडून बघण्यासारखी आहे. पापडाची चव ठरते कशावर? मीठ, खार, हिंग यांच्या प्रमाणावर. ते काम त्यांनी एका हाताखाली ठेवलं. जे हाताचं कसब प्रत्येकीकडे आधीच होतं, ते घरोघर पांगू दिलं. त्यामुळे हजारो हातांनी लाटलेला पापड एकाच चवीचा लागतो. वाळताना किती वजन घटणार याचा अंदाज ठरलेला असल्यामुळे परत आलेला माल काट्यावर टाकला की सगळं कळतं. आजही शाखेत कामाची सुरुवात पहाटे होते. काल लाटलेले पापड द्यायचे, ते तपासून-मोजून घेतले जातात, आजचा गोळा घ्यायचा आणि केलेल्या कामाची मजुरी. घरात लहान मूल आहे, म्हातारी माणसं आहेत, दहा ते सहा नोकरी शक्य नाही, अशा बाईसाठी ही रचना काय मोलाची असेल!

पण घरी कुणाची नजर नसताना प्रत्येकीनं नीट काम का करावं? कारण लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण आहे. संस्थेत तिला बहीणच म्हणतात. शाखेचा नफा वाटला जातो तो जुनी-नवी असा भेद न करता समान, आणि तोटा आला तर तोही सगळ्यांचा. पुरुष संस्थेत नोकरी करू शकतात, मालक होऊ शकत नाहीत. पापड जाड लाटला गेला तर नुकसान दूरच्या कुणा शेटजीचं होत नाही, स्वतःचं आणि शेजारणीचं होतं. अशी देखरेख पगारी मुकादम ठेवून विकत घेता येईल?

सगळंच जमत गेलं असं मात्र नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. पुढे सत्तरच्या दशकात आगपेट्या, अगरबत्त्या, चामड्याच्या वस्तू असे उद्योग करून पाहिले, तेही टिकले नाहीत. माझ्या मते यात नवल नाही. आगपेटीच्या कामाचं कसब घराघरात आधीपासून तयार नसतं, आणि त्या बाजारात मोठे कारखाने ठाण मांडून होते. खाकरा, मसाले, वड्या मात्र चालल्या. फसलेला प्रयोग सोडून देताना पापडाची रोजची फेरी कधी थांबली नाही, हे महत्त्वाचं.

‘लिज्जत’ हे नावसुद्धा १९६२ मध्ये स्पर्धा घेऊन निवडलं, बक्षीस ५ रुपये. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष उछंगराय ढेबर यांनी स्वतः येऊन काम पाहिलं. आयोगानं मान्यता दिली आणि खेळत्या भांडवलासाठी ८ लाख रुपये दिले. ८० रुपयांच्या बरोबर दहा हजार पट! पण हे पैसे सातव्या वर्षानंतर आले. तोवर फिरणारं चाक, हिशेबाच्या वह्या आणि माल उचलणारा बाजार, सगळं जागेवर होतं. हेच ८ लाख १९५९ मध्ये त्या गच्चीवर येऊन पडले असते, तर त्यांची शेड झाली असती, यंत्रं झाली असती, आणि पिठाचा गोळा घरी न्यायची कल्पना कदाचित कुणाला सुचलीही नसती.

१९६८ मध्ये गुजरातेत वालोडला शाखा निघाली, मग राज्याराज्यांत. २०१९ च्या सुमारास सुमारे ४५ हजार बहिणी आणि १,६०० कोटी रुपयांच्या वर उलाढाल, असा हा पसारा झाला होता. सात जणींपैकी एक, जसवंतीबेन जमनादास पोपट, यांना २०२१ मध्ये वयाच्या नव्वदीत पद्मश्री मिळाली.

आणि या संस्थेनं पुढे आणखी एक पदार्थ हाती घेतला, तो पाहून मी पुन्हा चकित झालो: चपाती. पापड महिनोन्‌महिने टिकतो, चपाती त्याच दिवशी संपायला हवी. तिच्यासाठी गॅस लागतो, वाहन वेळेवर लागतं, उरलेल्या मालाला उद्या नाही. पापडाच्या ज्या गुणांवर सगळा डोलारा उभा राहिला, त्यातला जवळजवळ एकही चपातीत नाही. आहे तो एवढाच, की ती लाटायला कुणालाही नव्यानं शिकवावं लागत नाही, आणि सकाळी घातलेला पैसा संध्याकाळी परत येतो. तीन दिवसांची फेरी एका दिवसावर!