दर्शनी भिंतीच्या मागे

ब्रुकलिनमधलं सव्वाशे-दीडशे वर्षांचं एखादं ‘ब्राउनस्टोन’ घर विक्रीला निघतं, तेव्हा जाहिरातीतली छायाचित्रं बहुधा सारखीच असतात. पांढऱ्याशुभ्र भिंती, त्यांतली एक मुद्दाम उघडी ठेवलेली विटांची, संगमरवरी ओट्याचं स्वयंपाकघर, काळ्या चौकटींच्या खिडक्या. खाली लिहिलेलं असतं, ‘संपूर्ण नूतनीकरण’. या दोन शब्दांवर किंमत लाखो डॉलरनी चढते, म्हणून त्यांची झडती घ्यायला हवी.

सुरुवात रस्त्यावरूनच करावी. या घरांना ज्या तपकिरी वालुकाश्मावरून नाव पडलं, तो मोठ्या प्रमाणावर कनेटिकट राज्यातल्या पोर्टलंडच्या खाणींतून यायचा. घर मात्र विटांचंच. दगड फक्त समोरच्या अंगाला, काही इंच जाडीचा. तो गाळाच्या थरांनी बनलेला आहे. खाणीत थर जसे आडवे असतात तसेच भिंतीत ठेवले तर तो टिकतो. पण पातळ फरश्या कापून लावताना थर अनेकदा उभे राहिले. फटींत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पोर्टलंडच्या खाणी १९३६च्या पुरात बुडाल्या. त्यानंतरची दुरुस्ती बहुतांशी दगडाच्या रंगाशी जुळवलेल्या सिमेंटच्या गिलाव्यानंच होत आली आहे. हे कामही मन लावून करता येतं. कुजलेला भाग घट्ट दगड लागेपर्यंत छिन्नीनं काढायचा, एकेक हात वाळू देत गिलावा चढवायचा, शेवटच्या हाताचा पोत मूळ दगडाशी जुळवायचा. विक्रीची घाई असली की सुटलेल्या पापुद्र्यांवरच गिलावा किंवा रंग फासला जातो. अशा भिंतीवर बोटांनी ठोकलं तर पोकळ आवाज येतो.

बाहेरच्या अंगाला निदान कायद्याचं संरक्षण आहे. १९६३ साली न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया रेल्वे स्टेशनची भव्य इमारत पाडायला सुरुवात झाली आणि शहर हळहळलं. १९६५मध्ये महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी वारसावास्तूंच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स हा न्यूयॉर्कमधला पहिला ऐतिहासिक विभाग ठरला. अशा विभागात दर्शनी भाग बदलायला वारसावास्तू आयोगाची परवानगी लागते. खासगी घराच्या आतला साज जपण्याची सक्ती मात्र सहसा कुणावरच नाही. कोरीव कठड्याचा जिना, छताच्या कडेची प्लॅस्टरची नक्षी, भिंतीत सरकत जाणारी दारं हे सगळं काही दिवसांत कचऱ्याच्या गाडीत जाऊ शकतं, आणि त्यात बेकायदा काही नसतं.

ब्रुकलिनच्याच बेडफर्ड-स्टायव्हेसंट भागात हे पाहून वाईट वाटतं. १९३०च्या दशकातल्या सरकारी गृहकर्ज नकाशांवर हा भाग धोक्याचा म्हणून लाल रंगवला गेला होता. तिथे घरासाठी कर्ज मिळणं अवघड झालं. अशा काळात कृष्णवर्णीय कुटुंबांनी इथली घरं घेतली, राखली, मोडलेलं दुरुस्त केलं. मूळ जिने, शेकोट्यांवरच्या संगमरवरी चौकटी कित्येक घरांत आजवर टिकल्या त्या यामुळे. तीच घरं आता काही व्यापारी विकत घेतात आणि आतून पोकळ करून थोड्याच महिन्यांत पुन्हा बाजारात आणतात. अशा कामाला मी नूतनीकरण म्हणणार नाही.

आता त्या उघड्या विटांबद्दल. आतल्या बाजूच्या विटा बहुधा मऊ, कमी भाजलेल्या असत, कारण त्या प्लॅस्टरखाली झाकल्या जाणार हे गवंड्याला ठाऊक होतं. त्यांना जोडणारा चुनाही मऊ. आपल्याकडे घाण्यात मळलेल्या चुन्याच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्याचा स्वभाव माहीत असेल. भिंतीत शिरलेला ओलावा चुन्याच्या सांध्यांतून वाट काढून बाहेर पडतो. त्याच सांध्यांत कडक सिमेंट भरलं की ओलावा विटेतून निघू पाहतो आणि विटेचाच पृष्ठभाग फुटतो. म्हणून विटांची नवी दर्जाभरणी दिसली की आधी विचारावं, चुना किती, सिमेंट किती? बाहेरच्या भिंतीवर आतून फोम फवारला असेल तर आणखी सावध व्हावं. भिंतीला आतली ऊब मिळत नाही, ती थंड आणि ओली राहते, आणि तिच्यात टेकलेली लाकडं कुजण्याचा धोका वाढतो.

लाकडांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या घरांची रुंदी साधारण वीस फूट. मजल्यांच्या तुळया दोन्ही शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या भिंतींत टेकतात, आणि अनेक घरांत मधली जिन्यालगतची भिंतही त्यांचा भार उचलते. दिवाणखाना प्रशस्त दिसावा म्हणून तीच भिंत काढली जाते. तिच्या जागी पोलादी तुळई आली का, तिचं वजन खाली तळघरातल्या पायापर्यंत पोहोचलं का, हे नव्या छतामागे दडून जातं. जमीन थोडी उतरती असली तर घाबरू नये, जुनं घर बसतं. पण नव्याकोऱ्या भिंतीत दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, तर घर अजूनही हलत असण्याची शक्यता आहे. तळघरात टॉर्च घेऊन तुळयांची टोकं पाहावीत, त्यांत पेचकस टोचून बघावा.

कागद घरबसल्या पाहता येतात. मालमत्ता कराच्या आकारणीसाठी १९३९ ते १९४१ या काळात शहरातल्या इमारतींची छायाचित्रं काढली गेली. ती आता महानगरपालिकेच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. दारापुढच्या उंच पायऱ्या तेव्हा होत्या का, छतालगतची कंगणी तीच आहे का, हे क्षणात कळतं. इमारत विभागाच्या नोंदींत पत्ता घातला की परवाने दिसतात. जाहिरातीत घर पूर्ण बदललेलं आणि नोंदीत फक्त नळकामाचा परवाना असेल, तर बाकीचं काम कुणी तपासलं हा प्रश्न उरतो. परवाना निघाला आणि काम पूर्ण झाल्याची नोंदच नाही, असंही असतं. तो घोळ निस्तरण्याचं काम पुढच्या मालकाच्या गळ्यात पडतं.

शेवटी विक्रेत्याकडे एक गोष्ट मागावी: भिंती उघड्या असतानाची छायाचित्रं. ज्यानं तुळया जोडल्या, नळ बदलले, वायर नवी ओढली, त्याच्याकडे ती असतात आणि तो ती आनंदानं दाखवतो. ती नसतील तर भिंत पुन्हा उघडण्याचा खर्च धरूनच किंमत सांगावी.