‘नंतर’चं बटण

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट उगवते. अपडेट उतरवून झालं आहे, कॉम्प्युटर आत्ता बंद करून पुन्हा सुरू करायचा की नंतर, असं ती विचारते. नेमकं त्याच वेळी घरात कुणाचं तरी महत्त्वाचं काम चाललेलं असतं. मुलीला प्रोजेक्ट छापायचा असतो, आजोबांचं आयकर विवरणपत्र अर्ध्यावर असतं, नाहीतर मॅच शेवटच्या षटकात आलेली असते. बोट आपोआप ‘नंतर’वर जातं. दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा येते आणि बोट पुन्हा तिथंच जातं. याच घरात अँटिव्हायरसची वर्षाची वर्गणी मात्र विम्याच्या हप्त्यासारखी न चुकता भरलेली असते.

हे ‘नंतर’ केवढ्याला पडतं, ते २०१७ साली दिवसांच्या हिशेबात कळलं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला. एका कॉम्प्युटरवरच्या फाइली दुसऱ्याला दिसाव्यात म्हणून असलेल्या जुन्या व्यवस्थेत ते भोक होतं. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीला ते आधीपासून ठाऊक होतं आणि त्यातून आत शिरायचं हत्यारही तिथंच घडलं होतं. ‘इटर्नलब्लू’ हे त्याचं नाव. १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने ते इंटरनेटवर उघड्यावर आणून टाकलं. १२ मे रोजी, शुक्रवारी, ‘वॉनाक्राय’ आलं. पॅच हाती आल्याला तेव्हा ५९ दिवस झाले होते.

वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमला कुणी कसल्या लिंकवर क्लिक करण्याची गरज नव्हती. एका कॉम्प्युटरमध्ये शिरलं की ते त्याच जाळ्यातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं भोक स्वतःच शोधायचं. दीडशेहून अधिक देशांत दोन लाखांच्या वर कॉम्प्युटरांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची लाल पाटी झळकली: ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, तीन दिवसांनी दुप्पट. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० संस्थांचं कामकाज विस्कळीत झालं आणि सुमारे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटर त्यात सापडले. मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश अभ्यासकाला त्या प्रोग्रॅमच्या पोटात एक विचित्र वेबपत्ता दिसला. तो कुणाच्याच नावावर नव्हता, म्हणून त्याने अकराएक डॉलर भरून स्वतःच्या नावावर केला, आणि साथ थबकली. पत्ता जिवंत आहे असं दिसलं की गप्प बसायचं, असं त्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं होतं.

पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांनी विंडोज एक्सपीच्या नावाने बोटं मोडली. पाठबळ तीन वर्षांपूर्वीच संपलेल्या त्या म्हाताऱ्या विंडोजसाठीही मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून पॅच काढला. पुढे कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने मोजदाद केली तेव्हा तिच्या नोंदीतले सुमारे ९८ टक्के बाधित कॉम्प्युटर विंडोज ७ चे निघाले. म्हणजे त्यांच्यासाठी पॅच होता, फुकट होता आणि दोन महिने दारात उभा होता.

पॅच ही एका परीने कबुलीच असते. अमुक खोलीची कडी नीट लागत नव्हती, असं कंपनी जगाला सांगते. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट ही कबुली दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. तिकडे अमेरिकेत सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते, त्यामुळे भारतातल्या बहुतेक घरांत हा मंगळवार बुधवारीच उजाडतो. चोर त्याच रात्री कामाला लागतात. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवायची, कुठे काय बदललं ते पाहायचं, की भोक कुठे होतं ते कळतं. ज्यांनी पॅच लावला त्यांच्याकडे आता काही मिळणार नसतं. मिळणार असतं ते ‘नंतर’ म्हणणाऱ्यांकडे. धंद्यातली माणसं या बुधवाराला ‘एक्स्प्लॉइट वेन्सडे’ म्हणतात. हा मंगळवार ठरण्याआधीही हेच घडत होतं: २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ हा घातक प्रोग्रॅम आला तो पॅचनंतर २६ दिवसांनी. त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या ‘स्लॅमर’चा पॅच तर सहा महिन्यांचा शिळा होता.

मग दर वर्षी विकत घेतलेला अँटिव्हायरस काय करत असतो? सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन आठवावा. त्याच्याकडे चोरांचे फोटो आहेत, आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तो ताडून पाहतो. मागची कंपाउंडची भिंत पडलेली असेल तर त्याला दोष देता येत नाही. भिंत बांधणं हे पॅचचं काम.

वॉचमनची कहाणीही जुनी आहे आणि तिचा एक धागा मराठी आहे. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस १९८६ साली लाहोरमध्ये जन्मला. बासित आणि अमजद फारुक अल्वी या भावांनी आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती करणाऱ्यांना धडा शिकवायला ‘ब्रेन’ लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला. आजच्या खंडणीखोरांना हा भाबडेपणा खरा वाटणार नाही. १९९२ मध्ये ‘मायकेलअँजेलो’ने धास्ती पसरवली. शिल्पकाराच्या वाढदिवशी, ६ मार्चला, तो हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसायचा. भाकितं लाखोंची होती, प्रत्यक्षात नुकसान काही हजार कॉम्प्युटरांपुरतं राहिलं. त्याच काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कॉम्प्युटरकडे वळलेले कैलास काटकर यांच्याकडे असे आजारी कॉम्प्युटर येऊ लागले होते. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते, त्यांनी इलाज लिहायला घेतला. त्यातून ‘क्विक हील’ उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारातही पोचली.

त्या वेळी नवा व्हायरस येई, त्याची ओळखखूण शोधली जाई, आणि ती फ्लॉपीवरून गिऱ्हाइकापर्यंत जाई. आता जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था दिवसाला साडेचार लाखांहून अधिक नवे घातक प्रोग्रॅम नोंदवते. एवढे फोटो कुठला वॉचमन पाठ करणार? म्हणून तो चेहऱ्याबरोबर वागणुकीवरही नजर ठेवतो. एखादा प्रोग्रॅम एका मिनिटात शेकडो फाइली बदलू लागला, तर ओळखीचा नसला तरी त्याची कॉलर धरायची. तरीही फोटोंची वही रोज बदलावीच लागते. अपडेट थांबलेला अँटिव्हायरस खुर्चीत बसलेला दिसतो खरा, पण त्याच्या वहीत गेल्या वर्षीचे चोर असतात.

विंडोज १० च्या बाबतीत वॉचमन आणि भिंत यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. त्याचं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे त्या वर्षीच्या वसुबारसेच्या तीन दिवस आधी संपलं. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली. डिफेंडर या तिच्याच अँटिव्हायरसची वही मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत बदलत राहणार असं तिनेच सांगितलं आहे. पडद्यावर हिरवी खूण दिसत राहील, वॉचमन ताजातवाना असेल, आणि ती योजना संपल्यावर भिंतीला नवं भगदाड पडलं तर गवंडी येणार नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालता-बोलता जुना कॉम्प्युटरही तिथं नापास होतो. पत्रव्यवहार आणि ब्राउझिंग एवढंच काम असलेल्या घरात अशा कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली चढवणं भंगारात देण्यापेक्षा शहाणपणाचं.

मराठी घरातल्या ‘नंतर’ला आळसाखेरीज दुसरंही एक कारण आहे. ते जरा अवघड आहे, पण टाळण्यात अर्थ नाही. दोन हजारच्या दशकात घरोघरी आलेला कॉम्प्युटर ‘असेंबल’ केलेला असायचा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानातून यायचे आणि विंडोज त्या दुकानदाराकडच्या सीडीवरून. फॉरमॅट मारून झालं की तो जाता जाता अपडेट बंद करायचा आणि सांगायचा, “हे चालू करू नका, पडदा काळा होईल.” त्याचं खोटं नव्हतं. अपडेटबरोबर येणारी तपासणी चोरटी प्रत ओळखायची आणि पडद्यावरचं चित्र काळं व्हायचं. कॉम्प्युटर बदलले, बऱ्याच घरांत लॅपटॉपबरोबर रीतसर विंडोज आलं, पण ‘अपडेट म्हणजे भानगड’ हा धडा तसाच राहिला. त्या काळी डोंगलवरचा डेटा मोजून मिळायचा, हेही एक.

चोरट्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकबरोबर एक सूचना ठरलेली असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. घराची किल्ली मागून घेणारा इतका सभ्य चोर विरळाच. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखली जाणारी खंडणीखोर प्रोग्रॅमची जात मुख्यतः याच वाटेने पसरली. तिने मोठ्या कंपन्या सोडून घरगुती माणसांना गाठलं: लग्नाचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, दुकानाचा हिशेब. २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने तिच्या १४८ प्रकारांवर उतारा काढला. त्यानंतरच्या बहुतेक प्रकारांना तो चालला नाही.

विंडोज अपडेट केलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. विनरार आठवतो का? चाळीस दिवसांची चाचणी-मुदत संपूनही वर्षानुवर्षं चालणारा, गोणीत भरलेल्या फाइली सोडवणारा. तो स्वतःहून अपडेट होत नाही. २०१९ मध्ये त्याच्यातलं एक भोक उघडकीस आलं, ते तब्बल १९ वर्षं तिथं होतं. फारसं कुणी वापरत नसलेल्या ‘एस’ जातीच्या फाइली उघडण्यासाठी जोडलेल्या एका जुन्या तुकड्यात ते होतं, आणि त्या तुकड्याचा मूळ सोर्स कोडच विनरारवाल्यांकडे नव्हता. शेवटी त्यांनी तो तुकडाच काढून टाकला. जुलै २०२५ च्या शेवटी ७.१३ ही आवृत्ती आली, तीही चोरांनी वापरायला घेतलेलं एक भोक बुजवायलाच. ज्याच्या कॉम्प्युटरवर २०१५ सालचा विनरार आहे, त्याच्याकडे ही सगळी भोकं शाबूत आहेत.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण अपडेटला नावं ठेवणाऱ्यांकडे पुरावे आहेत. २१ एप्रिल २०१० ला मॅकफीच्या अँटिव्हायरसच्या नव्या वहीने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल चोर समजून धरली, आणि कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पाडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइकचं ते सॉफ्टवेअर घरांसाठी नसून कंपन्यांसाठी असल्याने घरगुती कॉम्प्युटर वाचले. अशा चुका एरवी काही तासांत सापडतात आणि दुरुस्त होतात. म्हणून नव्या मोठ्या आवृत्तीसाठी महिनाभर थांबणाऱ्याला भित्रा म्हणू नये, पण महिन्याच्या सुरक्षा-पॅचसाठी दोन-तीन दिवसांपलीकडे थांबायला सबळ कारण सापडत नाही.

एका रविवारी तासभर काढला तर घरचा कॉम्प्युटर बराचसा ताळ्यावर येतो. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन काही ‘पॉज’ केलेलं नाही ना, आणि वाय-फायला चुकून ‘मीटर्ड’ ठरवलेलं नाही ना, ते पाहावं. तसं असेल तर बरीचशी अपडेट खोळंबून राहतात. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ कामाच्या वेळेप्रमाणे लावले की रीस्टार्ट रात्री होतो. ब्राउझर दिवसेंदिवस बंद न करणाऱ्यांनी तो एकदा बंद करून उघडावा, कारण उतरलेलं अपडेट तोवर लागत नाही. लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला चाचणी-अँटिव्हायरस काढून टाकला की विंडोजचा डिफेंडर आपसूक जागा होतो. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवायला जाऊ नये, ते एकमेकांवरच पहारा करत बसतात. वापरात नसलेलं सॉफ्टवेअर उडवणं हा तर सगळ्यांत स्वस्त पॅच. आणि कोपऱ्यातला राउटर! त्याच्या पासवर्डला कुणी हात लावलेला नसतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ने कंपनीतून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते.

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, या नंबरवर फोन करा’ असं ओरडणारी पाटी ब्राउझरमध्ये आली तर ती खोटी, कारण विंडोजचे खरे इशारे फोन नंबर देत नाहीत. फोन केलाच आणि पैसे गेले, तर १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवावं. सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर सफाईची साधनं फुकट मिळतात.

एवढं करूनही घात होऊ शकतो, हे वॉनाक्रायनंतर ४६ दिवसांनी दिसलं. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ आलं ते युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या खऱ्याखुऱ्या अपडेटमध्ये लपून. आत शिरल्यावर इटर्नलब्लूबरोबरच ते कॉम्प्युटरच्या स्मृतीतले पासवर्डही चोरायचं, त्यामुळे पॅच लावलेले कॉम्प्युटरही पडले. मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही. हजारो सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करायला कंपनीने कंबर कसली, पण सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्यात असतो ते मुख्य सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, आणि सगळेच एकदम पुसले गेले होते.

फक्त एक शाबूत सापडला, घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथं वीज गेलेली होती आणि तो सर्व्हर बंद पडला होता. वीज जाण्याने कुणाचं भलं झाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. घरातल्या फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क काम होताच केबल काढून कपाटात का ठेवायची, याचं उत्तरही हेच. घानातली इंटरनेट जोडणी इतकी मंद होती की त्या सर्व्हरवरचा मजकूर दुरुस्तीचं काम चाललेल्या इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते आणि घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती त्याने दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो दुसरा ती घेऊन लंडनच्या विमानात बसला.