चालती नक्कल

“सर्व्हर डाऊन आहे, उद्यां या,” हें वाक्य शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत आतां आबालवृद्धांस पाठ झालें आहे. डोळखांबाहून किंवा टोकावड्याहून एस्. टी. नें निघालेला मनुष्य अर्धा दिवस खर्चून तालुक्याच्या गांवीं येतो, खिडकीपाशीं उभा राहतो, आणि हें वाक्य ऐकून परत फिरतो. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. ही हानि लहान नव्हे. तथापि यंत्र उद्यां सुरू होणार असेल, तर काम निदान उद्यां तरी होतें. यंत्र पुन्हां उठलेंच नाहीं, तर काय?

शाळेच्या कपाटांत जनरल रजिस्टर नांवाची एक जाड वही असते. मूल शाळेंत दाखल झालें म्हणजे त्याचें नांव, जन्मतारीख व जात तींत लिहितात, आणि शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरूनच देतात. आमच्या भागांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या जमातींची वस्ती मोठी आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते, त्या वेळीं ६ सप्टेंबर १९५० पूर्वींच्या कागदास फार वजन असतें. आणि आजोबांच्या नांवाची त्या वहींतील एक ओळ हाच पुष्कळदां घरांतला एकमेव पुरावा असतो. वहीस वाळवी लागली, कीं नातवाची नोकरी अडली. अशा वह्यांचीं छायाचित्रें काढून तीं संगणकांत ठेवणें इष्टच आहे. परंतु संगणक कांहीं अमरपट्टा घेऊन आलेला नाहीं. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाला आग लागली, तींत माणसें दगावलीं आणि मजलेच्या मजले कागदपत्रांसह जळाले. तीच आग सर्व्हरच्या खोलींत शिरली, तर पोलादी पेटी कागदाहून फार वेळ तग धरील असें नाहीं.

यावर जो उपाय योजतात, त्यास व्हर्च्युअल मशीनचें रेप्लिकेशन म्हणतात. आपण त्यास चालती नक्कल म्हणूं.

प्रथम व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय तें पाहूं. सर्व्हर हा पुष्कळांची सेवा करणारा बलवान संगणक. पूर्वीं एका कामास एक यंत्र, अशी रीत होती. ठेवींच्या हिशेबाला एक, सभासदांच्या यादीला दुसरें. त्यांतील बहुतेक यंत्रें दिवसाचा बराच वेळ रिकामीं बसत. आतां एकाच सर्व्हरांत चाळीसारखी व्यवस्था करतात. पाया एक, छप्पर एक, पण बिऱ्हाडें अनेक; आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतें कीं, सारें घर आपलेंच. हीं बिऱ्हाडें म्हणजे व्हर्च्युअल मशीनें, आणि त्यांस जागा, वीज व पाणी वांटून देणारा जो चाळीचा व्यवस्थापक, तो हायपरव्हायजर नांवाचा कार्यक्रम. ही कल्पना आजकालची नव्हे, आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालींच आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं ती जाहीर केली होती. आपल्या विषयाच्या दृष्टीनें तींतील महत्त्वाची गोष्ट अशी कीं, अशा यंत्राची सारी तबकडी, म्हणजे त्यांतील कार्यक्रम, हिशेब व मांडणी, हायपरव्हायजरच्या दृष्टीनें एक मोठी फाईल असते. पोलादी पेटीची नक्कल करतां येत नाहीं, फाईलीची येते.

आतां समजा, एका पतपेढीची मुख्य कचेरी शहापुरास आहे व शाखा मुरबाडास. दोहों ठिकाणीं एकेक सर्व्हर आहे. शहापूरच्या यंत्राची नक्कल मुरबाडास ठेवावयाची. त्यासाठीं दोन्हींकडे एकाच जातीचा हायपरव्हायजर असावा, मुरबाडच्या यंत्रांत पुरेशी मोकळी जागा असावी, मधल्या तारेवरून जाणारा मजकूर सांकेतिक करून धाडलेला असावा, आणि मुरबाडच्या यंत्रानें शहापुराशिवाय दुसऱ्या कोणाकडून कांहींहि स्वीकारूं नये, असा बंदोबस्त असावा. हें सारें जाणकार मनुष्य एका दिवसांत करून देतो.

मग पहिली संपूर्ण प्रत न्यावयाची. येथें एक त्रैराशिक घालतों. फाईल ३०० गीगाबाइटांची आहे, आणि तारेची गति सेकंदास १० मेगाबिट. एका बाइटांत ८ बिट असतात. म्हणजे २४ लक्ष मेगाबिट मजकूर झाला. त्यास २ लक्ष ४० हजार सेकंद, अर्थात् जवळजवळ ६७ तास लागतील, आणि तेहि मध्यें तार तुटली नाहीं तर. याउलट ती प्रत एका सुट्या तबकडीवर उतरवून कारकुनाबरोबर एस्. टी. नें पाठविली, तर दुपारच्या आंत मुरबाडास पोंचते. हा विनोद नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही रेप्लिका या व्यवस्थेंत पहिली प्रत अशी हातानें नेण्याची सोय मुद्दाम ठेवली आहे.

पहिली प्रत पोंचल्यावर पुढें सारी फाईल पुनः पुनः धाडावी लागत नाहीं. आपल्या पेढ्यांवर रोजकीर्द व खतावणी अशा दोन वह्या असत. दिवसाचे व्यवहार रोजकीर्दींत, आणि त्यांवरून प्रत्येकाचें खातें खतावणींत. येथेंहि तसेंच आहे. शहापूरचें यंत्र तबकडीवर जें जें बदलतें, त्याची रोजकीर्द ठेवतें; ठराविक वेळानें तेवढीच मुरबाडास जाते, आणि तेथील यंत्र ती आपल्या खतावणींत चढवून घेतें. वर सांगितलेल्या व्यवस्थेंत हा वेळ ३० सेकंद, ५ मिनिटें किंवा १५ मिनिटें असा निवडतां येतो. शहापूरचें यंत्र अकस्मात् बंद पडलें, तर शेवटच्या खेपेनंतरचें काम बुडालें असें समजावें. पतपेढीला पांच मिनिटांच्या चिठ्ठ्या पुन्हां चढवितां येतात. शेअरबाजाराला तें परवडत नाहीं. म्हणून तेथें जवळच्या दुसऱ्या जागेंतून “पोंचलें” असें उत्तर आल्यावांचून व्यवहार पुरा धरीत नाहींत. ही पद्धति जवळच्या जागेलाच शोभते, कारण काचेच्या तंतूंतून प्रकाशहि सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटरच धांवतो, आणि दूर अंतरावर प्रत्येक उत्तराची वाट पाहत बसल्यास सारें काम मंदावतें.

मुरबाडची जागा योग्य काय? आग, चोरी, एका गांवची वीज, एवढ्यापुरती योग्य. परंतु २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनीं पाहिला, त्यांस सांगावयास नको कीं, काळू व भातसा या नद्या तालुक्याची सीमा पाहून फुगत नाहींत. एकच पाऊस दोन्ही कचेऱ्यांस गांठतो. ज्या कागदावर कोणाचें आयुष्य टांगलें आहे, त्याची तिसरी प्रत माळशेज ओलांडून घाटावर असावी, असें माझें मत आहे.

येथपर्यंत नकलेचे गुण झाले. तिचा दोष असा कीं, ती आज्ञाधारक आहे. शहापुरांत कोणीं चुकून एक खातें पुसलें, तर पांच मिनिटांत तें मुरबाडांतहि पुसलें जातें. खंडणीखोरांनीं यंत्रांत शिरून मजकूर कुलुपबंद केला, तर नक्कलहि कुलुपबंद होते. यास्तव तासातासाच्या जुन्या अवस्था राखून ठेवण्याची सोय असते. हायपर-व्हींत अशा २४ पर्यंत ठेवतां येतात. पण कारस्थान त्याहून जुनें असेल, तर त्यांचाहि उपयोग नाहीं. म्हणून तारेपासून अलग ठेवलेली एक जुनी प्रत, जिला बॅकअप म्हणतात, ती वेगळीच पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरांवर असा हल्ला झाला, आणि डॉक्टरांवर कित्येक दिवस कागदावर कारभार करण्याची पाळी आली. ज्या बॅकअप सर्व्हरला झळ पोंचली नव्हती, त्याच्यावरून पुढें रुग्णांची माहिती परत मिळाली. नक्कल आहे म्हणून बॅकअप नको, असें कोणी दुकानदार सांगूं लागल्यास त्याचें ऐकूं नये.

आतां नक्कल आहे, आणि मूळ यंत्र बंद पडलें. पुढें काय? याचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं थांबले, ते दुपारीं पावणेचारला सुरू झाले. दूरसंचाराच्या मार्गांत बिघाड होऊन जोखमीवर देखरेख करणारी यंत्रणा बंद पडली होती. दुसरी जागा सज्ज असतांहि कारभार तिकडे नेला गेला नाहीं. तो कां नेला नाहीं, हाच प्रश्न सेबीनें विचारला. त्याच वर्षीं मार्चमध्यें नियम झाला कीं, महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आंत आपत्ति जाहीर करावी, आणि तेथून ४५ मिनिटांत दुसऱ्या जागेवरून काम सुरू व्हावें. पुढें २ मार्च २०२४ रोजीं, शनिवार असतां, बाजार मुद्दाम उघडून पहिलें सत्र मूळ जागेवरून व दुसरें आपत्कालीन जागेवरून चालविलें. नाटकाची रंगीत तालीमच ती, पण खऱ्या पैशांची.

एवढी घासाघीस कां, तर मूळ यंत्र खरोखर मेलें कीं केवळ तार तुटली, हें दुरून कळत नाहीं. तार तुटली असतां मुरबाडची नक्कल घाईनें सुरू केली, तर दोन्ही यंत्रें आपणच धनी अशा समजुतीनें व्यवहार लिहूं लागतात. एका शाळेंत दोन शिक्षकांनीं दोन जनरल रजिस्टरांत एकाच अनुक्रमांकावर दोन मुलें घातलीं, तर जो घोंटाळा होईल, तोच हा. तो निस्तरण्यापेक्षां दोन तास बंद राहिलेलें बरें. मुरबाडचें यंत्र सुरू करण्यापूर्वीं शहापूरचें बंद आहे, याची खात्री कोणीतरी तेथें जाऊन, डोळ्यांनीं पाहून केली पाहिजे. पुढें शहापूरचें यंत्र दुरुस्त झालें, म्हणजे मुरबाडची रोजकीर्द उलट दिशेनें चढवून घ्यावी लागते. तें झाल्यावांचून शहापुरास धनीपण परत देऊं नये.

तालीम करण्याची साधी रीत या व्यवस्थेंतच आहे. मुरबाडची नक्कल तारेपासून अलग अशा कोंडलेल्या जागेंत सुरू करावी, एखाद्या सभासदाचें खातें उघडून शिल्लक ताडून पाहावी, आणि नक्कल बंद करावी. मूळ कामास धक्का लागत नाहीं. हें दर मे महिन्यांत, पाऊस सुरू होण्यापूर्वीं करावें. त्याच वेळीं निर्णय कोणीं घ्यावयाचा, तो गांवीं नसल्यास कोणीं, खोलीची किल्ली कोणापाशीं, आणि कोणतें यंत्र आधीं बंद करावयाचें, हें एका कागदावर लिहून दोन्ही कचेऱ्यांच्या भिंतींवर लावावें. हा कागद मात्र संगणकांत ठेवूं नये.