वर्गाबाहेर बसवणं आणि वर्ग बाहेर भरवणं

वस्तीतल्या शाळेत एखाद्या बाईंनी ‘उद्यापासून एक तास झाडाखाली घेऊ’ म्हटलं, की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो, “आमच्या लेकरांना वर्गाबाहेर का बसवता?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते तेव्हा त्यांना इतर मुलांमध्ये बसू देत नसत. एका कोपऱ्यात, स्वतःच्या वेगळ्या गोणपाटावर बसायचं. ते गोणपाट रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनीच हे लिहून ठेवलं आहे. ज्या समाजाने हे भोगलं, त्याला ‘बाहेर’ हा शब्द टोचणारच.

पण आपल्या एकट्या पोराला बाहेर काढणं वेगळं आणि सगळ्याच्या सगळ्या वर्गाने, बाईंसकट, बाहेर बसणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल आज नर्स म्हणून लिहिते.

आधी क्षयाचं, म्हणजे टीबीचं बघू. औषध नव्हतं त्या काळात डॉक्टरांचा भरवसा हवा, ऊन, विश्रांती आणि जेवणावर होता. १९०४ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला अशक्त मुलांसाठी रानात शाळा सुरू झाली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मेरी पॅकार्ड आणि एलन स्टोन या दोन डॉक्टर बायांच्या पुढाकाराने एका जुन्या शाळेची भिंत खिडक्यांसाठी उघडून मोकळ्या हवेचा वर्ग भरला. बर्फाच्या थंडीत मुलं जाड गोधडीच्या पिशव्यांत पाय घालून, शेकलेले दगड पायाशी ठेवून शिकायची. मुलं सुधारली ती नुसत्या हवेने नाही. अशा शाळांत पोटभर खाऊ घालत आणि दुपारी झोपवत, हे विसरू नका. पुढे टीबीची औषधं आली आणि या शाळा मागे पडल्या. पण टीबी आजही हवेतूनच पसरतो. खिडक्या बंद असलेल्या खोलीत साठ मुलं कोंबली, तर खोकणाऱ्या एकाच्या श्वासातले जंतू बराच वेळ हवेत तरंगत राहतात. उघड्यावर वारा ते विरून टाकतो आणि ऊन मारून टाकतं. तरीही दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या मुलाला झाडाखाली बसवून भागत नाही. त्याला सरकारी दवाखान्यातच न्यायचं. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे.

आता डोळ्यांकडे येते. लांबचं न दिसणं, म्हणजे मायनसचा चष्मा, लहान मुलांत वाढतो आहे. सगळे मोबाईलवर बिल फाडतात. जवळून सतत बघणं वाईटच, पण दुसरं कारण कमी बोललं जातं. मुलांच्या डोळ्यांना दिवसाचा उजेडच मिळत नाही. आपल्याला वर्गातला ट्यूबलाइट झगझगीत वाटतो, पण मोजला तर उजेड तीनशे-पाचशे लक्स भरतो. बाहेर दिवसा तो दहा हजारांच्या पुढे जातो. सावलीतही वर्गाच्या कितीतरी पट असतो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त तयार होतं आणि ते बुबुळामागचा गोळा गरजेपेक्षा लांब वाढू देत नाही, असं शास्त्रज्ञ मानतात. गोळा लांब वाढला की लांबचं धूसर दिसतं.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांत याची परीक्षा झाली. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत सुमारे ३९.५ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाहेर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के. म्हणजे शंभरात नऊ लेकरं वाचली, आणि खर्च किती? तैवानमध्ये तर २०१० पासून सरकारच शाळांना सांगतं, मुलं रोज दोन तास बाहेर हवीत. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो आणि गल्लीत ऊन उतरत नाही. म्हणून आपल्या मुलांना शाळेतला हा तास जास्त गरजेचा आहे.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल एक गैरसमज मात्र आहे. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ते फारसं मिळत नाही, ऊन जरा वर यावं लागतं. हिवाळ्यात दहा-अकराला बसायला हरकत नाही. मार्चनंतर विदर्भ-मराठवाड्यात ही हौस नको. तेव्हा सकाळच्या शाळेत पहिला तासच बाहेर घ्यावा, तोही सावलीत, आणि जवळ पाणी हवं.

मोकळी जागा नाही, असं मुख्याध्यापक म्हणतील. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारांच्या भागात २०२० च्या टाळेबंदीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले आणि गल्लीतच मुलांना शिकवलं. आपल्याकडे विहाराचं अंगण आहे, समाजमंदिराचा ओटा आहे.

पण इथे सावध राहायचं. ‘मोकळ्या हवेतलं शिक्षण’ म्हणत खोल्या बांधायचं टाळणारेही निघतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात दर शिक्षकामागे एक पक्की वर्गखोली लिहिली आहे आणि खेळाचं मैदानही. झाडाखालचा तास खोलीच्या जोडीला हवा, खोलीच्या बदल्यात नको. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. पुढच्या बैठकीला जा आणि दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहा. बाहेर बसताना रांगा कोण लावतं, आपली मुलं कडेला पडतात का, हेही एखाद दिवशी जाऊन डोळ्यांनी बघा.

आणि ज्यांना नंबर आधीच लागला आहे, त्यांचा चष्मा उन्हाने उतरत नाही. शाळेत तपासणीचं पथक येतं तेव्हा मुलीला घरी ठेवू नका. ‘चष्मेवालीचं लग्न जमत नाही’ म्हणून फळ्यावरचं न दिसणारी पोर मी पाहिली आहे, आठवीत शाळा सुटलेली. शाळेतल्या मुलांना चष्मा सरकारी योजनेतून फुकट मिळतो.